तळपायाचा काळा डाग आणि निर्णयाचा हक्क

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर यांवर आपण शिबिरं घेतली, पोस्टर्स केली, पथनाट्यं बसवली. कातडीच्या कॅन्सरवर मात्र आपण कधी बोललो नाही. त्यातल्या मेलॅनोमा या प्रकाराचं तर नावही पुष्कळ जणींनी ऐकलेलं नसेल. हा गोऱ्या लोकांचा आजार, अशी एक समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. ऑस्ट्रेलियात हा आजार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आपल्या देशात वर्षाला दर लाख माणसांमागे एकाहूनही कमी.

मग इतक्या विरळ आजारावर आज एवढा वेळ कशाला, असं तुम्ही विचाराल. एक कारण असं की, विरळ आहे म्हणूनच आपल्याकडे तो उशिरा ओळखला जातो आणि उशिरा ओळखला की जीव घेतो. दुसरं कारण उपचारांचं. गेल्या पंधरा वर्षांत मेलॅनोमाच्या उपचारांत जेवढा बदल झाला, तेवढा फार थोड्या कॅन्सरमध्ये झाला. आज बाईपुढे एक नव्हे, अनेक वाटा आहेत. पण त्या वाटा तिला सांगतं कोण? निवडतं कोण? आणि पैसे कोण मोजतं? हे तिन्ही प्रश्न आपल्या चळवळीचे जुने प्रश्न आहेत.

तो आपल्याकडे कुठे लपतो

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्या बेबंद वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. गोऱ्या कातडीत याचं मोठं कारण ऊन. काळ्या-सावळ्या माणसांत मात्र तो बहुतेक वेळा जिथे ऊन पोचत नाही तिथे उगवतो: तळपायावर, तळहातावर, नखाखाली. म्हणजे उन्हासाठी म्हणून जी महागडी क्रीम जाहिराती आपल्या गळ्यात मारतात, त्यांचा या प्रकाराशी काही संबंध नाही.

शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या तळपायाकडे कोण बघतं? ती स्वतःही बघत नाही. काळा डाग दिसला तर काटा मोडला असेल, ठेच लागली असेल, कुरूप झालं असेल, भोवरी असेल असं समजून सोडून देते. फार तर बिब्बा लावते. बिब्ब्याने कातडी आणखी काळी पडते आणि मूळ डाग झाकला जातो. कुणी ब्लेडने खरवडतं, कुणी चामखिळीचं औषध लावतं. महिने जातात. मग तिथे न भरणारी जखम होते, रक्त येतं, जांघेत अवधाण येतं. तेव्हा दवाखाना आठवतो.

नखाखालच्या मेलॅनोमाचं उदाहरण म्हणजे बॉब मार्ली हा जगप्रसिद्ध गायक. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याला हा कॅन्सर निघाला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. एवढ्या पैशाच्या आणि कीर्तीच्या माणसाच्या बाबतीत हे झालं, तर आपल्या भुईमूग काढणाऱ्या बाईचं काय?

ओळखायचं कसं ते सांगते. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर काळपट रेघा असतात. त्यांना घाबरू नका. पण एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली आणि काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, तर दाखवा. तळव्यावरचा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, तर दाखवा. क्वचित तो काळा नसतोही. लालसर मांसासारखा असतो. महिनाभरात न भरणारी पायाची कोणतीही जखम दाखवा.

आणखी दोन जागा आहेत. एक तोंडाची: टाळू आणि वरच्या हिरड्या. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडातला काळा डाग मशेरीचाच धरला जातो. दुसरी जागा योनीमुखाची आणि योनीची. तिथला डाग बाई नवऱ्याला सांगत नाही, पुरुष डॉक्टरला दाखवत नाही. आपण वीस-तीस वर्षांपूर्वी बायकांना आरसा घेऊन स्वतःचं शरीर बघायला शिकवलं, तेव्हा आपल्याला हसणारे लोक होते. त्या आरशाचं काम अजून संपलेलं नाही. तोच आरसा आता पायाखालीही धरायचा आहे.

तुकडा काढून तपासणी

पहिली पायरी तपासणीसाठी तुकडा काढण्याची. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती गावोगाव आहे आणि त्यापायी बाया पळून जातात. तपासणीसाठी तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही, हे त्यांना ठासून सांगा. शक्य असेल तर सगळा डाग कडेच्या थोड्याशा कातडीसह, पूर्ण खोलीपर्यंत काढून तपासायला पाठवतात. एक मात्र नक्की: काढलेला तुकडा फेकून द्यायचा नाही. गावच्या दवाखान्यात 'गाठ काढली, टाकून दिली' असं होतं आणि पुढे कुणालाच कळत नाही की ते काय होतं. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे आणि अहवालाची प्रत बाईच्या हातात आलीच पाहिजे.

त्या अहवालात एक आकडा शोधायचा: जाडी किती मिलिमीटर? ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० साली दाखवून दिलं की, हा कॅन्सर कातडीत किती खोल उतरला आहे यावर पुढचं बरंचसं ठरतं. दुसरी गोष्ट, वर व्रण झाला आहे का. या दोन गोष्टी वाचता आल्या, तर आपली कार्यकर्ती डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारू शकते.

किती कापायचं?

शस्त्रक्रिया हा मेलॅनोमाचा मुख्य उपचार आहे. लवकर सापडला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. प्रश्न असतो, किती कापायचं?

याचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटेल. १९०७ साली हँडली नावाच्या लंडनच्या सर्जनने एका रुग्णाच्या शवविच्छेदनावरून सांगितलं की, डागाभोवतीचा मोठा भाग काढावा. पुढे कित्येक दशकं चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर कापण्याचा रिवाज पडला. एका रुग्णावरून! तो प्रश्न रीतसर तपासला गेला १९८०च्या दशकात. १९८८ साली इटलीच्या वेरोनेसी यांच्या गटाने दाखवून दिलं की, पातळ मेलॅनोमात १ सेंटिमीटर सोडून कापलं तरी रुग्ण तितकेच जगतात. हेच वेरोनेसी स्तनाच्या कॅन्सरमध्ये सगळा स्तन न काढता भागतं, हे १९८१ साली दाखवणाऱ्यांपैकी. जास्त कापलं म्हणजे जास्त बरं केलं, ही वैद्यकाची जुनी खोड आहे आणि तिची किंमत बाईच्या शरीराने पुष्कळ मोजली आहे.

आजचा नियम साधारण असा: जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर कातडी, २ मिलिमीटरहून जास्त असेल तर २ सेंटिमीटर, मधल्या जाडीला १ ते २. नखाखालचा असेल तर बोटाचा पुढचा भाग काढावा लागू शकतो. पण सरसकट सगळं बोट मुळापासून काढायची गरज नसते. तळपायावरचा काढला तर दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. म्हणून विचारायचं: मला उभं राहता येईल का? उकिडवं बसता येईल का? किती महिन्यांनी चालेन? कोणत्या चपला लागतील? जिची रोजी पायावर आहे, तिच्यासाठी हे प्रश्न गौण नाहीत. कॅन्सर तर काढायलाच हवा, पण काढण्याच्या एकाहून अधिक रीती असतील तर त्या तिला कळल्या पाहिजेत.

जांघेतल्या गाठी

मेलॅनोमा आधी जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये जातो. पायाचा असेल तर जांघेत. पूर्वी सगळ्या ग्रंथी काढून टाकत. १९९२ साली अमेरिकेतल्या मॉर्टन यांनी नवी पद्धत मांडली: डागाजवळ रंग टोचायचा आणि तो सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोचतो तेवढीच काढून तपासायची. हिला आपण 'राखणदार गाठ' म्हणू. राखणदार साफ निघाला, तर पुढचं घर साफ असण्याची शक्यता मोठी.

आणि राखणदार गाठीत कॅन्सर सापडला तर? २०१७ साली सुमारे १,९०० रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. अशा वेळी उरलेल्या सगळ्या ग्रंथी लगेच काढल्या काय किंवा सोनोग्राफीने नजर ठेवली काय, तीन वर्षांनंतर मेलॅनोमापासून बचावणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ८६ टक्के होतं. फरक पडला तो सुजेत. ग्रंथी काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांना हातापायाची सूज आली, नजर ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. ही सूज हत्तीपायासारखी असते. असा पाय घेऊन बाईने पाणी भरायचं, सारवायचं, खुरपायचं! म्हणून कुणी 'सगळ्या गाठी काढू' म्हणालं तर विचारा: नजर ठेवून चालेल का? मात्र नजर ठेवायची म्हणजे दर काही महिन्यांनी सोनोग्राफीला जायचं. ते जमणार नसेल किंवा हाताला लागण्याएवढी गाठ आधीच आलेली असेल, तर हिशोब बदलतो.

पसरला असेल तर

२०११ सालापर्यंत पसरलेल्या मेलॅनोमाला वैद्यकाकडे जवळजवळ उत्तर नव्हतं. डकार्बाझिन नावाचं केमोथेरपीचं औषध १९७५पासून दिलं जाई. शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या गाठी त्याने आकसत, तेही काही काळच. बहुतेक रुग्ण वर्षभरात जात.

त्यानंतर दोन प्रकारची औषधं आली. पहिला प्रकार प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणाऱ्या औषधांचा. आपल्या शरीरातल्या राखण करणाऱ्या पेशींना लगाम असतो. कॅन्सर त्या लगामाचा फायदा घेतो. ही औषधं लगाम काढतात. हे शोधणारे जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब २०११ साली, पेंब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब दोन्ही एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते, असा निकाल २०२४ साली आला. जिथे वर्षाची खात्री नव्हती, तिथे दहा वर्षं! मात्र हे आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे आहेत. तळपायाच्या मेलॅनोमात ही औषधं चालतात, पण तितकी नाही. आणि दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांना गंभीर त्रास झाला.

तो त्रास कोणता, हे कार्यकर्तीला ठाऊक हवं. मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आतड्याला सूज येऊन जुलाब, फुप्फुसाला सूज येऊन दम, कावीळ, थायरॉइडचा बिघाड, अचानक मधुमेह. गावात जुलाब झाले की दुकानातली गोळी घेतो. या औषधांवर असताना तसं करणं जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवायचं. वेळेवर स्टेरॉइड दिली तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो. उपचार चालू असताना गर्भ राहू नये, हेही बाईला आधी सांगायला हवं. मूल हवं असेल तर त्याबद्दल बोलायची वेळ उपचाराच्या आधीची, नंतरची नव्हे.

दुसरा प्रकार लक्ष्यवेधी गोळ्यांचा. कॅन्सरच्या पेशीत बीआरएएफ नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड असेल, तरच या गोळ्या लागू पडतात. गोऱ्यांच्या कातडीच्या मेलॅनोमात तो निम्म्या रुग्णांत असतो, तळपायाच्या प्रकारात पुष्कळ कमी. त्याऐवजी तळपायाच्या आणि आतल्या ओल्या त्वचेच्या मेलॅनोमात काही जणींना किट या जनुकाचा बिघाड असतो. त्यातल्या काहींना इमॅटिनिब ही गोळी गुण देते. म्हणून काढलेल्या तुकड्याची जनुक-तपासणी झाली का, हा प्रश्न विचारायचाच.

उपचारांचा क्रमही बदलतो आहे. हाताला लागणारी गाठ असेल, तर आधी प्रतिकारशक्तीच्या औषधाच्या दोन मात्रा आणि मग शस्त्रक्रिया केल्यास आजार उलटण्याचं प्रमाण बरंच घटतं, असं २०२४ साली दिसून आलं. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर हे औषध घेण्याचाही पर्याय आहे. मेंदूत किंवा हाडात पसरला असेल तर किरणोपचारांनी आराम पडतो.

पैशाची गोष्ट

आता इमॅटिनिबची आठवण कशासाठी काढली ते सांगते. ही तीच गोळी, जिच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी हरली. रक्ताच्या कॅन्सरसाठी कंपनीची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडायची आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. डंकेल प्रस्तावाच्या काळात आपण मोर्चे काढले, तेव्हा 'बायकांचा पेटंटशी काय संबंध' असं विचारणारे होते. २००५च्या पेटंट कायद्यात कलम ३(ड) आलं, त्यामागे अशा अनेक चळवळींचा रेटा होता. तो संबंध हा असा आहे.

प्रतिकारशक्तीच्या औषधांची गोष्ट अजून तिथवर पोचलेली नाही. मूळ कंपनीच्या औषधाच्या एका मात्रेचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि मात्रा अनेक लागतात. म्हणून आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना आजही डकार्बाझिनसारखी जुनी केमोथेरपीच मिळते. तरी एक आशा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने तोंडाच्या व घशाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रेत, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास मेलॅनोमाचा नव्हे, हे लक्षात ठेवा. पण गरीब रुग्णाला परवडेल अशी मात्रा शोधणं हेही विज्ञानच आहे आणि ते औषध कंपनी करणार नाही, सार्वजनिक रुग्णालयच करील, हे त्यातून दिसलं.

घरातल्या पैशाबद्दलही बोललं पाहिजे. नवऱ्याच्या आजारासाठी शेत गहाण पडतं. बाईच्या आजारात 'आता वय झालं' असं ऐकू येतं. तीच बाई स्वतः म्हणते, 'माझ्यापायी पोरांना कर्जात कशाला घालू?' तिचा हा निर्णय खरोखर तिचा आहे का? पर्याय, खर्च, मिळणारे महिने आणि वर्षं सगळं समजून ती नको म्हणाली, तर तिचा मान राखू. पण कुणी काही न सांगता, केवळ ओझं होऊ नये म्हणून ती नको म्हणाली, तर तो निर्णय नव्हे. ती सवय आहे, आपल्याला लहानपणापासून लावलेली.

संमती कुणाची?

आमच्या गटातल्या एका शेतमजूर बाईला पायाच्या अंगठ्याचा मेलॅनोमा झाला, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर सगळा वेळ तिच्या मुलाशी बोलले. बाई खुर्चीत बसून होती. कागदावर अंगठा तिचा घेतला, पण वाचून कुणालाच दाखवला नाही. मी म्हटलं, 'डॉक्टर, पाय यांचा आहे, यांनाच सांगा.' तेव्हा ते थांबले आणि चित्र काढून समजावू लागले. त्यानंतर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: 'भांगलायला कधी जाऊ शकेन?' तो प्रश्न मुलाने विचारला नसता.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. समीरा कोहली या बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या. भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट सांगितलं की, सज्ञान बाईची संमती तिचीच. आईची संमती म्हणजे तिची नव्हे, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. २०२१ साली महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. आजाराची माहिती, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, कागदपत्रांच्या प्रती हे हक्क आहेत, मेहरबानी नव्हे.

आणि ज्या बाईच्या आजाराला आता औषध उरलं नाही, तिचा हक्क वेदनेपासून सुटकेचा. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती मॉर्फिन रुग्णाला सुलभतेने मिळावं म्हणूनच. 'सवय लागेल' असं सांगून मरणाऱ्या बाईला तळमळत ठेवणं क्रूरपणा आहे. वेदनाशमन हाही उपचार आहे आणि तो शेवटी नव्हे, पहिल्या दिवसापासून मागायचा असतो.

आपण काय करायचं

आरोग्य तपासणीच्या प्रत्येक शिबिरात बायकांचे तळपाय, नखं आणि तोंड बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पाय धुवायला घमेलं आणि बघायला उजेड एवढंच लागतं. आशाताईंना आणि दाईंना डागाची ओळख करून द्यायची. पोस्टरवर गोऱ्या पाठीवरचा तीळ नको, आपला भेगाळलेला तळपाय हवा.

रुग्णालयात बाईबरोबर एकीने तरी जायचं. वही न्यायची. जाडी किती, राखणदार गाठ तपासली का, जनुक-तपासणी झाली का, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च आणि त्रास काय, काहीच केलं नाही तर काय होईल, हे सहा प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यायची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे आरोग्यमित्राकडून उपचार सुरू होण्याआधीच समजून घ्यायचं.

आणि औषधांच्या किमतींचा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात रेशन, पाणी, रोजगार हमी यांच्याच रांगेत लिहायचा. उपाय निघाला आहे, पण तो आपल्या बायकांपर्यंत पोचत नाही, ही काही निसर्गाची करणी नव्हे. माणसांनी केलेल्या व्यवस्थेची आहे. म्हणूनच ती बदलता येते.